वायू का सुटला?

सांगलीजवळ हरिपूर नावाचे गाव आहे. जमिनीत पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची तिथली रीत फार जुनी आहे. पेव म्हणजे जमिनीतली कोठी. तोंड लहान, पोट मोठे. माल भरायचा, तोंड बंद करायचे आणि वर माती लोटायची.

पेव उघडले की जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. तोंड मोकळे ठेवून तो वाट पाहतो. मग कंदील दोरीला बांधून खाली सोडतो. कंदील विझला तर म्हणतो, "थांबा रे. आत वारं नाही. उतरला तो गेला." घाई करून उतरलेली माणसे तिथल्या तिथे कोसळतात. त्यांना काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो.

पेवात भूत नसते. तिथे असतो वायू. कोंडलेले धान्य किंवा हळद हवेतला प्राणवायू हळूहळू वापरून टाकते आणि कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू सोडते. आपण सोयीसाठी त्याला कर्बवायू म्हणू. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो. म्हणून तो तळाशी साचतो. त्याला रंग नाही. तो डोळ्यांना दिसत नाही. कंदील त्याच्यात विझतो आणि माणूसही विझतो.

आता एक नवल पाहा. ज्या वायूला शेतकरी भितो, तोच वायू मोठमोठ्या कारखान्यांत मुद्दाम भरून ठेवलेला असतो. कशासाठी? आग विझवण्यासाठी. वेळेवर सुटला तर तो कारखाना वाचवतो. नको तेव्हा सुटला तर माणूस मारतो. असा अपघात झाला म्हणजे चौकशी होते. ती चौकशी कशी करावी, आणि कामगाराने तिच्यात काय सांगावे, काय विचारावे, ते या पाठात पाहू.

वायूने आग कशी विझते?

आगीला तीन गोष्टी लागतात. जळण, उष्णता आणि प्राणवायू. चुलीवर पाणी ओतले की उष्णता जाते. पेटलेल्या कढईवर झाकण ठेवले की प्राणवायू तुटतो. तिन्हींपैकी एक काढून घेतली की आग मरते.

पण सगळीकडे पाणी चालत नाही. विजेच्या मोठ्या खटक्यांची खोली, वीज तयार करणारे जनित्र, जहाजाची इंजिन-खोली, रंगाची कोठारे, संगणकांची खोली, अशा ठिकाणी पाणी मारले तर नुकसान होते. वीज असेल तिथे जीवाला धोकाही होतो. म्हणून अशा ठिकाणी वायू वापरतात.

सिलिंडरांची एक ओळ लावलेली असते. त्यांत कर्बवायू दाबून, पातळ करून भरलेला असतो. मोटारीच्या चाकात हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या वीसपटीहून अधिक दाब या सिलिंडरांत असतो. सिलिंडरांपासून नळ निघतात. नळांची तोंडे खोलीत उघडतात. छताला धूर किंवा उष्णता ओळखणारे यंत्र बसवलेले असते. त्याने आग ओळखली की ते भिंतीवरच्या पेटीला खबर देते. या पेटीला कामगार पॅनेल म्हणतात. पॅनेल भोंगा वाजवते. भोंगा वाजल्यावर थोडा वेळ सोडायचा असतो. तेवढ्यात माणसांनी बाहेर पडायचे. मग पॅनेल सिलिंडरांना हुकूम देते आणि वायू खोलीत सुटतो.

हा क्रम नीट ध्यानात ठेवा. आधी भोंगा, मग माणसे बाहेर, मग वायू. हा क्रम मोडला की घात झालाच.

माणसाला काय होते?

पुष्कळांना वाटते, हा विषारी वायू नाही. "सोडावॉटरमध्ये असतो की तो! आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच ना?" होय, तोच. पण मिठासारखे आहे. चिमूटभर मिठाने भाजीला चव येते, मूठभर मीठ खाववत नाही.

साध्या हवेत प्राणवायू शेकडा २१ भाग असतो. कर्बवायू शेकडा एक भागसुद्धा नसतो, त्याच्याही पंचविसाव्या हिश्श्याएवढा असतो. कर्बवायू शेकडा दहा भागांपर्यंत चढला की माणसाला गरगरते, धाप लागते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपते. शेकडा सतराच्या वर गेला की एका मिनिटाच्या आत माणसाच्या हातापायांवर त्याचा ताबा राहत नाही. झटके येतात, शुद्ध जाते आणि मरण येते.

आता आग विझवायला किती वायू सोडतात, ते ऐका. खोलीत शेकडा ३४ भाग किंवा त्याहून जास्त कर्बवायू होईल, अशी योजना केलेली असते. म्हणजे मारायला पुरतो त्याच्या दुप्पट. तेव्हा थोडा वेळ श्वास घेऊन बघू, असे म्हणायची सोयच नाही. दोनचार श्वासांत पाय गळतात.

शिवाय सुटताना हा वायू अतिशय थंड होतो. खोलीभर पांढरे धुके दाटते. आपला हात आपल्याला दिसत नाही. मोठा आवाज होतो, त्यात कोणाची हाक ऐकू येत नाही. रोजच्या पायाखालची खोली, पण दार कुठे ते कळत नाही.

आयडाहोमधली ती संध्याकाळ

अमेरिकेत आयडाहो नावाचे राज्य आहे. तिथे अणुशक्तीच्या प्रयोगांचे एक मोठे सरकारी केंद्र आहे. त्या केंद्रात ६४८ क्रमांकाची एक इमारत होती. तिच्यात विजेचे मोठे खटके आणि इतर सामान होते. आग विझवण्यासाठी तिथे कर्बवायूची योजना केलेली होती.

तारीख २८ जुलै १९९८. संध्याकाळची वेळ. विजेच्या सामानाची ठरलेली देखभाल करायची होती. इमारतीत १३ माणसे होती. काम सुरू करण्यापूर्वी एकेक खटका उघडून वीज तोडायची होती.

वायूचा धोका आहे हे लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. म्हणून त्यांनी वायूची यंत्रणा पॅनेलवरून बंद केली होती. म्हणजे "आता हुकूम देऊ नकोस," असे पॅनेलला सांगितले होते. सगळ्यांना वाटले, झाले, काम संपले. आता वायू सुटणार नाही.

शेवटचा खटका उघडला. सहा वाजून अकरा मिनिटे झाली होती. आणि वायू सुटला!

भोंगा वाजला नाही. वेळ मिळाला नाही. काही क्षणांत खोली पांढरी झाली. तेरा माणसे दार शोधू लागली. काही जण आपले आपण बाहेर पडले. काही आतच बेशुद्ध होऊन पडले.

बाहेर आलेल्यांना राहवेना. आपला सोबती आत पडला आहे, हे कोणाला पाहवेल? श्वास घ्यायचे यंत्र जवळ नव्हते. तरी लोक आत शिरले आणि सोबत्यांना ओढून काढू लागले. त्यांच्या धाडसाने जीव वाचले. पण त्या धाडसात आणखी जीव जायचा मोठा धोका होता. पेवात उतरणाऱ्या दुसऱ्या माणसाची गोष्ट आठवा.

त्या संध्याकाळी एक कामगार मेला. आणखी काही जण मरता मरता वाचले.

चौकशी मंडळाने काय विचारले?

ते केंद्र अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे. त्या खात्याने चौकशी मंडळ नेमले. मंडळापुढे एक सोपा रस्ता होता. "शेवटचा खटका कोणी उघडला?" असे विचारायचे, त्या माणसाचे नाव लिहायचे आणि कागद बंद करायचे. पण खटका उघडणे हे तर त्याला सांगितलेलेच काम होते. त्याला धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मंडळाने वेगळे प्रश्न विचारले. वायू आणि माणूस यांच्यामध्ये कोणकोणती कुंपणे होती? आणि प्रत्येक कुंपण कसे मोडले?

पहिले कुंपण पॅनेलचे. यंत्रणा पॅनेलवर बंद केलेली होती. तरीही सिलिंडरांची तोंडे उघडणारे विजेवरचे खटके आपोआप चालले. म्हणजे पॅनेलवर बंद करणे हे खरे कुंपणच नव्हते. ते तोंडी सांगण्यासारखे होते. बैलाला "हलू नकोस" म्हणणे वेगळे आणि दाव्याने बांधणे वेगळे. सिलिंडरांतला वायू बाहेर येऊच शकणार नाही, अशी प्रत्यक्ष अडवणूक केलेली नव्हती. कुलूप नव्हते.

दुसरे कुंपण भोंग्याचे. भोंगा वाजल्याशिवाय वायू सुटता कामा नये. इथे भोंग्याविना सुटला.

तिसरे कुंपण सुटकेच्या साधनांचे. श्वास घ्यायची यंत्रे हाताशी नव्हती. म्हणून सोडवायला जाणाऱ्यांचाही जीव धोक्यात आला.

चौथे कुंपण कामाच्या आखणीचे. या खोलीत काम करताना कर्बवायूपासून काय धोका आहे, तो कसा टाळायचा, हे काम ठरवतानाच पुरते पाहायला हवे होते. ते पाहिले गेले नाही. अशा वायूने इतरत्र माणसे दगावली होती. ते धडे कागदात होते, पण कामाच्या जागी पोचले नव्हते. आपल्याकडे म्हणतात, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण मागच्याला ठेचेची खबरच मिळाली नाही, तर तो शहाणा कसा होणार?

म्हणून मंडळाने दोष एका कामगाराच्या माथी मारला नाही. काम आखणारे, नियम करणारे आणि देखरेख ठेवणारे यांच्याकडे बोट दाखवले.

ठेच एकालाच लागली नव्हती

अमेरिकेत पर्यावरण रक्षणाचे एक सरकारी खाते आहे. त्या खात्याने २००० साली या वायूच्या धोक्यांवर एक अहवाल काढला. त्यासाठी जुन्या अपघातांच्या नोंदी शोधल्या. १९७५ पासूनच्या ५१ घटना सापडल्या. त्यांत ७२ माणसे मेली होती आणि १४५ जखमी झाली होती.

आता विचार करा. हे लोक आगीत मेले का? नाही. आग विझवायच्या वायूने मेले. आणि वायू सुटला तेव्हा पुष्कळ ठिकाणी आग लागलेलीच नव्हती. कोणी यंत्रणेची दुरुस्ती करत होता, कोणी तपासणी करत होता, कोणी शेजारी दुसरेच काम करत होता. म्हणजे खरा धोका आगीच्या दिवशी नसतो. तो दुरुस्तीच्या दिवशी असतो. रोजचे साधे काम म्हणून ज्याकडे आपण पाहतो, तिथेच तो दबा धरून बसलेला असतो.

पाणबुडीतली गोष्ट

आता दुसरी गोष्ट ऐका. हिचा आपल्या देशाशीही संबंध आहे.

रशियाने 'नेर्पा' नावाची एक पाणबुडी बांधली होती. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात तिची चाचणी चालू होती. आत २०८ माणसे होती. खलाशी होतेच, पण पाणबुडी बांधणारे कारखान्याचे लोकही होते. तिच्यात आग विझवायला कर्बवायू नव्हता, फ्रिऑन जातीचा दुसरा वायू होता. आग नसताना तो वायू सुटला. २० माणसे मेली. त्यांतले बहुतेक कारखान्याचे लोक होते.

लगेच सांगण्यात आले की एका खलाशाने यंत्रणा चालू केली. चूक त्याची. त्याच्यावर खटला भरला. पण पुढे निराळीच गोष्ट बाहेर आली. सिलिंडरांत जो वायू असायला हवा होता, तो शुद्ध नव्हता. त्यात दुसरे विषारी द्रव्य मिसळलेले होते. ते द्रव्य कपड्यांचे डाग काढायला आणि यंत्रांचे तेल धुवायला वापरतात. खटल्यात पंचांनी त्या खलाशाला दोषी धरले नाही.

हीच पाणबुडी पुढे दुरुस्त होऊन २०१२ साली भाड्याने भारताच्या नौदलात आली. 'आयएनएस चक्र' असे तिचे नाव ठेवले. २०२१ साली ती रशियाला परत गेली.

यातून काय शिकायचे? समजा, कळ खरेच कोणी दाबली असेल. तरी नुसती कळ दाबल्याने वीस माणसे का मरावीत? एका माणसाच्या एका चुकीने वीस जीव जात असतील, तर ती व्यवस्थाच कच्ची. आणि सिलिंडरात काय भरले आहे, ते कोणी तपासले? "कळ कोणी दाबली?" एवढ्यावर जी चौकशी थांबते, तिला हे प्रश्न सुचतच नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी तिची गत होते.

दोन चौकशा

आता आपण आपल्या ओळखीच्या जागेचे एक उदाहरण घेऊ. हे घडलेले नाही, समजण्यासाठी रचलेले आहे.

एका कारखान्यात विजेच्या खोलीत वेल्डिंगचे काम चालले होते. एकाएकी भोंगा वाजला. वेल्डर बाहेर पळाला. नवा हेल्पर आतच उभा राहिला. वायू सुटला आणि तो पडला. दैव बलवत्तर म्हणून दार जवळ होते. लोकांनी लांब बांबूच्या आकड्याने त्याला ओढून काढले. तो वाचला.

पहिली चौकशी अशी झाली.

"वेल्डिंग कोण करत होता?"

"मी, साहेब."

"तुझ्यामुळे वायू सुटला. आणि हा हेल्पर पळाला का नाही? दोघांनाही घरी बसवा."

संपली चौकशी. दोन घरांची चूल विझली. आणि खोली होती तशीच राहिली. पुढच्या महिन्यात तिथे दुसरा वेल्डर येणार, दुसरा हेल्पर येणार. वायू तोच.

आता दुसरी चौकशी ऐका. साहेब बदलले. त्यांनी म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावून खुर्ची दिली.

"मिस्त्री, मला कोणाला शिक्षा करायची नाही. पुन्हा असं होऊ नये एवढंच बघायचंय. तुम्ही मोकळेपणानं सांगा. वायू का सुटला?"

"साहेब, वेल्डिंगचा धूर छताला लागला. यंत्राला वाटलं आग लागली."

"मग वेल्डिंगच्या आधी वायू बंद का नाही केला?"

"कामाच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलंच नव्हतं."

"का नव्हतं?"

"चिठ्ठीचा नमुना जुना आहे साहेब. वायूची यंत्रणा बसली मागाहून. नमुना कोणी बदललाच नाही."

"का नाही बदलला?"

"ते काम विजेवाल्यांचं की आग-खात्याचं, हे ठरलंच नाही. हे म्हणाले त्यांचं, ते म्हणाले यांचं."

"बरं. आणि हेल्पर पळाला का नाही?"

"तीन दिवसांपूर्वी आलेला पोरगा तो. त्याला वाटलं, जेवणाच्या सुटीचा भोंगा झाला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं."

पाहा, चार-पाच वेळा "का?" विचारले आणि गोष्ट वेल्डरपासून कचेरीपर्यंत पोचली. आता काय दुरुस्त करायचे, ते दिसले. चिठ्ठीचा नमुना बदलायचा. यंत्रणा कुलूपबंद करण्याची जबाबदारी एका माणसाकडे द्यायची. वायूचा भोंगा निराळ्या आवाजाचा लावायचा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तो ऐकवायचा. या चौकशीने कोणाची चूल विझली नाही. आणि पुढच्या हेल्परचा जीव वाचला.

याचा अर्थ कोणी कसेही वागावे, असा नाही. कोणी जाणूनबुजून कुलूप तोडले, तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण बहुतेक अपघातांत माणूस वाईट नसतो. त्याला माहिती नसते, किंवा त्याच्या हातात साधन नसते.

चौकशी कशी करावी?

अपघात झाल्यावर पहिले काम चौकशीचे नाही, माणसांचे. दारे-खिडक्या बाहेरून उघडता येत असतील तर उघडावी. अग्निशामक दलाला आणि दवाखान्याला खबर द्यावी. हजेरी घेऊन कोण बाहेर आले, कोण आत राहिले, ते मोजावे. पाठीवर हवेची टाकी असलेले यंत्र ज्याच्याकडे आहे आणि ते वापरायला जो शिकला आहे, त्यानेच आत जावे. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही. धूळ किंवा वास गाळणारा साधा मुखवटाही चालत नाही. तो हवा गाळतो, पण नसलेला प्राणवायू कुठून आणणार?

खोलीतली हवा यंत्राने मोजून चांगली ठरली, की मगच चौकशी करणाऱ्याने आत जावे. खड्डे, तळघरे आणि केबलच्या नाल्या विसरू नयेत. जड वायू तिथे उशिरापर्यंत रेंगाळतो. कंदिलाची परीक्षा इथे धरू नये. कंदील जळत असला तरी माणसाला बाधेल इतका वायू असू शकतो.

मग पुढील गोष्टी पाहाव्या.

१. जागा जशीच्या तशी ठेवावी. कोणती झडप उघडी, कोणती बंद, कोणता खटका वर, कोणता खाली, याचे फोटो काढावे. साफसफाईच्या निमित्ताने कोणी हात लावू नये. एक झडप फिरली की खरे कारण हरवते.

२. सिलिंडर वजन करून पाहावे. कर्बवायू आत पातळ असतो. नुसत्या दाबाच्या काट्यावरून किती उरला ते कळत नाही. वजनाने कळते. कोणते सिलिंडर रिकामे झाले, ते लिहून ठेवावे. वायूचा नमुनाही तपासायला पाठवावा. 'नेर्पा'ची गोष्ट आठवा.

३. पॅनेलची नोंद वाचावी. पुष्कळ पॅनेले वेळेसह नोंद ठेवतात. भोंगा कधी, हुकूम कधी, वायू कधी. त्या घड्याळाची वेळ खऱ्या वेळेशी ताडून घ्यावी.

४. कागद गोळा करावे. कामाची चिठ्ठी, दुरुस्तीची वही, यंत्रणेचे नकाशे, कोणाला काय शिकवले त्याची यादी. नकाशात एक आणि भिंतीवर दुसरेच, असे पुष्कळदा निघते.

५. माणसांशी लवकर बोलावे. प्रत्येकाशी वेगळे बोलावे. आठवण ताजी असताना बोलावे. दरडावू नये. जो घाबरतो तो लपवतो. ठेकेदाराच्या माणसालाही विचारावे. बदली कामगाराला, झाडूवाल्या बाईंनाही विचारावे. पुष्कळदा त्यांनाच जास्त ठाऊक असते.

६. आधी असे काही झाले होते का, ते विचारावे. "गेल्या पावसाळ्यात भोंगा उगाच वाजला होता," असे कोणीतरी सांगतेच. मोठ्या अपघाताआधी लहान इशारे मिळालेले असतात. कोणी मनावर घेतलेले नसतात.

शेवटी चौकशीचा निकाल सगळ्यांना कळेल अशा भाषेत भिंतीवर लावावा. जो कागद कपाटात गेला, त्याने कोणाचा जीव वाचत नाही.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, "आम्ही साधी माणसं. यंत्रणा साहेबांची, चौकशी साहेबांची. आमचा काय संबंध?" संबंध आहे. वायू सुटतो तेव्हा साहेब कचेरीत असतात. खोलीत आपण असतो.

अशा खोलीत कामाला जाण्यापूर्वी चार प्रश्न विचारा.

"इथे आग विझवायचा कोणता वायू आहे?" काही नव्या यंत्रणांत माणूस थोडा वेळ तग धरील असे वायू असतात. पण बाहेर पडायचे ते पडायचेच. कर्बवायू असेल तर जास्तच जपायचे.

"काम चालू असताना तो कुलूप लावून बंद केला आहे का? कुलूप मला दाखवा." पॅनेलवर बंद केले, एवढ्यावर भागवू नका. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी.

"भोंगा कसा वाजतो?" एकदा ऐकून घ्या.

"दार कुठे? दुसरे दार कुठे?" डोळे मिटून तिथपर्यंत जाता येते का, ते बघा. धुक्यात डोळ्यांचा उपयोग नसतो.

असे विचारले तर कोणी हसेल. "फार भित्रा दिसतोस," म्हणेल. म्हणू द्या. पेवाच्या तोंडाशी कंदील घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. त्याला जाणता म्हणतात.

आणि अपघात झालाच, तर चौकशीत खरे ते सांगा. पाहिले ते सांगा, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगा. कोणी "कोणाची चूक?" विचारले, तर तुम्ही नम्रपणे म्हणा, "साहेब, ते पुढं बघू. वायू का सुटला, ते आधी बघू या."

वाचा, आठवा आणि एकमेकांना सांगा

१. पेव उघडल्यावर लगेच आत का उतरू नये?

२. आयडाहोमध्ये यंत्रणा पॅनेलवर बंद केली होती. तरी ती बंद नव्हती असे का म्हणायचे?

३. बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला सोडवायला नुसता रुमाल बांधून का जाऊ नये?

४. तुमच्या कामाच्या जागी घडलेला एखादा लहान अपघात आठवा. "का?" हा प्रश्न पाच वेळा विचारा. शेवटचे उत्तर काय आले, ते वर्गात सांगा.